पंखे बरे हायत

९ जानेवारी, शुक्रवार. सकाळी पडदा झाडायला घेतला. टॉकीजचा पडदा धुवायचा नसतो. मागच्या स्पीकरचा आवाज पुढे यावा म्हणून त्याला बारीक छिद्रं असतात. पाणी लागलं की डाग पसरतो आणि मग पिक्चर कुठलंही असो, नायिकेच्या गालावर कायमचा ढग. मऊ ब्रश घ्यायचा, शिडीवर चढायचं आणि वरून खाली, एकाच दिशेने, हलक्या हाताने यायचं. बोईसरला हे वरचेवर करावं लागतं. एकीकडून खाडीची दमट हवा येते, दुसरीकडून कारखान्यांची धूळ, आणि दोघींची गाठ आमच्या पडद्यावर पडते.

त्या दिवशी मात्र आणखी एक कारण होतं. दुपारी मुंबईहून एका कंपनीचा माणूस टॉकीज बघायला यायचा होता. या कंपनीची गावोगाव टॉकीजं आहेत, आमचंही तिला भाड्याने चालवायला हवं होतं. नवं छप्पर, नव्या खुर्च्या, एसी, सगळं ती करणार. मी मॅनेजर आहे तशीच राहणार. टॉकीज आता मालकांच्या मुलीच्या नावावर आहे. ती नाशिकला डॉक्टर आहे. तिने फोनवर सांगून टाकलं होतं, "ताई, तुम्ही हो म्हणालात तर हो, नाही म्हणालात तर नाही. फक्त संध्याकाळपर्यंत कळवा."

म्हणजे शिडीवर मी, हातात ब्रश आणि डोक्यात हा निर्णय. आणि ज्या माणसाने मला पडदा झाडायला शिकवलं, तो गेल्या पावसाळ्यात गेलेला.

आम्ही सगळे त्यांना मालक म्हणायचो. शेठ म्हटलेलं त्यांना चालत नसे. "शेठ बसतो, मी उभा असतो," म्हणायचे. हे खरं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना टॉकीजच्या खुर्चीत बसलेलं एकदाच पाहिलं. ते पुढे सांगते.

शो चालू झाला की मालक शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभे राहायचे. पडद्याकडे बघत नसत. लोकांच्या माना बघायचे. "बाई, माना बघा," ते मला म्हणत. "मान सरळ हाय म्हणजे पिक्चर चालू हाय. मान खाली गेली की मोबाईल. मान वळली की बायकोशी बोलतोय. डावीउजवीकडं फिरायला लागल्या की समजायचं, दार शोधतायत." एका पिक्चरची गोष्ट त्यांना कुणी विचारली तर म्हणाले, "इंटरव्हलच्या आधी बायका रडतात. नंतर पुरुष विडी वढायला भाईर जातात ते परत येत नाय. बाकी मला ठाव नाय." पुढचा आठवडा ते पिक्चर ठेवायचं की काढायचं, हे ते एवढ्यावर ठरवायचे. बहुतेक वेळा बरोबर ठरवायचे.

त्यांना आवाज चालत नसे. पायात रबरी स्लीपर, कारण बूट वाजतात. किल्ल्यांचा जुडगा रुमालात गुंडाळलेला. ऑपरेटरने एकदा घुंगरू लावलेली किचेन आणली, तर मालकांनी ती त्याच्यासमोर बाहेरच्या बकरीच्या गळ्यात बांधली. पण हाच माणूस तिकीट खिडकीपाशी येऊन लोकांना खड्या आवाजात सांगायचा, "पिक्चर बरं नाय. बसायचं असंल तर बसा, पंखे बरे हायत."

मी तिकिटं फाडता फाडता म्हणायचे, "मालक, निदान खिडकीसमोर तरी नका सांगू."

"मग कुठं सांगू? भाईर पडल्यावर?"

गंमत म्हणजे लोक बसायचे. मे महिन्यात बोईसरच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला बऱ्या पंख्याचं मोल कळतं. आणि पिक्चर चांगलं असलं की मालक खिडकीपाशी येऊन काहीच बोलत नसत. ते गप्प आहेत म्हटल्यावर लोक दोन तिकिटं जास्त घ्यायचे.

मला नोकरी मिळाली तीही अशीच. माझा नवरा कारखान्यात होता, त्याची शिफ्ट बदलली, घरात आणखी एक पगार हवा होता. मी पालघरहून आले. मालक अंगणात उभे होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुमाला पिक्चर आवडतात?"

"नाही."

"मग या उद्यापासून. ज्याला आवडतात तो खिडकी सोडून आत जाऊन बसतो."

मी आजही फारशी पिक्चरं बघत नाही. पण टॉकीज चालवते, आणि चांगलं चालवते.

आता त्यांच्या मुख्य वेडाबद्दल. सगळ्या देशात नवं पिक्चर शुक्रवारी लागतं. आमच्याकडे शुक्रवारला तेवढा मान नव्हता. मालक मूळचे पाम गावचे. समुद्र आणि बाजार, दोन्ही लहानपणापासून बघितलेले. त्यांच्या खोलीत पंचांगाचं कॅलेंडर होतं आणि त्यावर अष्टमीच्या आसपासच्या दिवसांवर निळ्या पेनाने रेघ. ते भांगाचे दिवस. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, दांडी गावच्या कोळ्यांच्या बोटी तेव्हा जाळी लावून बसलेल्या असतात. अष्टमीच्या सुमाराला पाणी सुस्तावतं, जाळ्यात काही येत नाही, बोटी परततात. त्याला भांग म्हणतात. पुरुष घरी, मासळी कमी, त्यामुळे बाजारात बसणाऱ्या बायकाही मोकळ्या. तेव्हा मालक दुपारचा एक शो दांडीसाठी ठेवायचे. आणि त्या शोला काय लावायचं हे दांडीच्या बायका ठरवायच्या. भांग लागायच्या आदल्या दिवशी मालक स्वतः एसटीने दांडीला जाऊन त्यांना विचारून यायचे.

मासवणकडच्या आदिवासी पाड्यांवरून लोक यायचे तेव्हाही तेच. दिवाळीनंतर ती माणसं कामाला दूर जातात, त्याआधी एकदा पिक्चर बघून जातात. त्यांची एसटी हमखास उशिरा. मालक शो थांबवून ठेवायचे. आत बसलेले कारखान्यातले कामगार शिट्ट्या मारायचे, "चालू करो भाई! पैसा दिया है!" मालक पडद्यासमोर जाऊन उभे राहायचे. "बस आने का है. तुमारे गाँव का गाडी कभी टाइम पे आता है क्या?" त्यावर हशा. एकदा कुणीतरी मागून ओरडलं, "हमारे गाँव में तो बस ही नहीं आती, चचा!" मालक म्हणाले, "तो फिर बैठो आराम से. इधर आती है."

कोळणींच्या टोपल्यांचीही एक गोष्ट आहे. त्या बाजारातून परस्पर येत, रिकाम्या टोपल्या घेऊन. कारखान्यातल्या एका मोठ्या साहेबांच्या पत्नीने मालकांना बोलावून तक्रार केली की वास येतो. मालक नम्रपणे म्हणाले, "हा वास समुद्राचा हाय, बाईसाहेब. संध्याकाळी तुमच्या कारखान्याकडनं येतो तो कशाचा, तेवढं तुमी सांगा." पण तेवढ्यावर थांबले नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात दाराबाहेर ओटा बांधला, त्याला नळ लावला, वर टोपल्या टांगायला आकडे ठोकले. हात-पाय धुवायचे, टोपली टांगायची, आत जायचं. बाईसाहेबही पुढे येत राहिल्या. मला मालकांची ही पद्धत आवडायची. ते तोंडाने भांडायचे आणि हाताने दुरुस्त करायचे.

आता ते खुर्चीत बसले त्या दिवसाबद्दल.

त्या वर्षी एक फार मोठं हिंदी पिक्चर येणार होतं. मुंबईच्या वितरकाची अट होती, सगळे शो त्याच पिक्चरचे, मध्ये दुसरं काही नाही. नेमका मधल्या रविवारी भांग आला, आणि दांडीच्या बायकांनी एक साधं घरगुती मराठी पिक्चर मागितलेलं. मालकांनी शब्द दिलेला. वितरक म्हणाला, एक दुपार सोडणार नाही. मालक म्हणाले, मग तुमचं पिक्चर ठेवा तुमच्याकडं.

मी त्या दिवशी त्यांच्याशी कडाकडा भांडले. "अहो, रस्त्यापर्यंत रांग लागेल. एक दुपार ती काय! बायकांना सांगा, पुढच्या भांगाला या."

"बाई, रांग लावणारे कुठंबी रांग लावतील. पालघरला जातील, विरारला जातील. दांडीच्या बायका कुठं जातील?"

"घरी बसतील."

"तेच तर," ते म्हणाले, आणि किल्ल्या रुमालात गुंडाळून निघून गेले.

मोठं पिक्चर पालघरला लागलं. आमच्याकडे शुक्रवार-शनिवारी जुनं काहीतरी लावून वेळ काढला. रविवारी दुपारी दांडीचे टेम्पो बाजार करून आले. बायका, सुना, लेकी, दोन-चार पुरुष मागे मागे. ओट्यावरचे आकडे भरले आणि टोपल्या भिंतीशी रचाव्या लागल्या. हॉल भरला. आणि ऑपरेटर धावत खाली आला. "चावी लागत नाय."

पिक्चर आता रिळांच्या डब्यातून येत नाही, फाइलमधून येतं. ते उघडायला चावी लागते. चावी म्हणजे तीही एक फाइलच. ठरलेल्या टॉकीजची, ठरलेल्या दिवसांची. मुंबईत कुणीतरी आमच्या चावीवर रविवारऐवजी सोमवार टाकला होता. रविवार असल्यामुळे ऑफिसचा फोन कुणी उचलेना. मी एका फोनवर, ऑपरेटर दुसऱ्यावर. मोठ्या पिक्चरवर पाणी सोडलेलं, त्यापायी वितरक नाराज, आणि ज्यांच्यासाठी सोडलं त्या आत काळोखात बसलेल्या. मालक म्हणाले, "दिवे लावा," आणि पडद्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बायांनो, पिक्चर आलंय, चावी आलेली नाय. चूक तुमची नाय, माझीबी नाय, पण टॉकीज माझी हाय. कवा येईल सांगता येत नाय. ज्याला जायचं त्यानं पैसे घेऊन जा."

मग तिसऱ्या रांगेतून हिरूआयचा आवाज आला. हिरूआय म्हणजे दांडीच्या बाजारातली सगळ्यात जुनी कोळीण. तिच्यापुढे गिऱ्हाइकाने भाव करायचा नाही, एवढा दरारा.

"पंखे बरे हायत ना?"

मालक गडबडले. "हो. पंखे बरे हायत."

"मग बसतो आमी."

सगळा हॉल हसला. आणि मग कुणीतरी म्हणालं, हिरूआयने हे पिक्चर लेकीकडे वसईला जाऊन बघितलंय. लगेच चहूबाजूंनी गलका. "सांग गं आय!" "उठ, फुडं जा!" ती आधी नको नको म्हणाली, पण पदर खोचून उठलीच. पडद्यासमोर गेली. मालकांनी खिशातला टॉर्च काढला आणि तिच्या तोंडावर धरला. दिवे बंद करायला ऑपरेटरला खूण केली.

"हां, तर एक घर हाय," हिरूआय म्हणाली. "मोठं घर. येवढं मोठं, की झाडायला कोण हाय ते काय दाखवलं नाय."

"सून झाडत आसंल!"

"सून अजून यायची हाय. मधी बोलू नको. तर सासू हाय. गोरी. घरात बसून पन दागिनं घालते."

"तुज्यासारखी!"

"माजं दागिनं गहाण हायत, तुला ठाव हाय."

अशी ती सांगत गेली. नायक आला तेव्हा तिने स्वतःच्या मुलाची चाल करून दाखवली आणि मुलगा मागच्या रांगेत बसलेला होता. सासू-सुनेच्या भांडणात दोन्हीकडून तीच बोलली. नायिका माहेरी निघाली तिथे मात्र हिरूआय थांबली आणि म्हणाली, "हितं मी रडलेली. का ते सांगता येत नाय." समोर कुणी हललं नाही. मी दारात उभी होते. मालकांनी मला शिकवलं होतं तेच मी बघितलं. सगळ्या माना सरळ होत्या.

मग मी मालकांना शोधलं. ते भिंतीशी नव्हते. टॉर्च धरून हात दुखला असावा, म्हणून कडेच्या खुर्चीत बसले होते, कोपर खुर्चीच्या हातावर टेकून, उजेड तिच्यावर, आणि स्वतः आ वासून ऐकत होते.

चावी आली तेव्हा हिरूआय इंटरव्हलपाशी पोचली होती. मी मालकांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी उठून विचारलं, "आली चावी. लावू का?"

"थांब रे टॉकीजवाल्या भावा," मागून कुणीतरी खेकसलं, "आयला पुरं करू दे आधी!"

तिने पुरं केलं. चहा झाला. मग त्यांनी ते पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. बाहेर पडताना आकड्यावरच्या टोपल्या काढता काढता निकाल लागला की आयचं पिक्चर चांगलं होतं, ह्यात उगाच गाणी जास्त.

वितरकाने आम्हाला बरेच दिवस मोठं पिक्चर दिलं नाही. त्या काळात टॉकीज कुणी तारलं असेल तर भांगाच्या दुपारांनी. मी हे भाबडेपणाने सांगत नाही, तिकिटं मी फाडत होते. आसपासची किती टॉकीजं गोदामं झाली, लग्नाचे हॉल झाले. आमचं टॉकीज टॉकीजच राहिलं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

तर ९ जानेवारी. कंपनीचा माणूस दुपारी आला. तरुण, सभ्य मुलगा. पडदा बघून म्हणाला, "मॅडम, मेन्टेनन्स एकदम छान आहे." मग त्याने दुपारचा शो बघितला. हॉल अर्धाही नव्हता. "दुपारचे शो असेच असतात?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. ते खरं होतं. मालक गेल्यापासून भांगाची दुपारसुद्धा विरळ झाली होती.

ओट्यापाशी तो थांबला. "हे आकडे कशाला?"

"टोपल्यांना."

"हे काढून इथे पॉपकॉर्नचा काउंटर मस्त होईल."

"आणि दुपारी कुठलं पिक्चर लावायचं हे कोण ठरवणार?"

"ते हेड ऑफिसमधून येतं. शुक्रवार ते गुरुवार. तुम्हाला काही ताणच नाही, मॅडम."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मला ताण नको असतो. छप्पर गळतं, खुर्च्या करकरतात, त्या मालकांना ऐकवल्या नसत्या. मी त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर पुन्हा शिडीवर चढले. अर्धा पडदा राहिला होता. डोकंही तिथेच चालतं, असं सकाळी लक्षात आलं होतं.

दुपार विरळ का झाली, याचा विचार केला. बोटी त्याच, बायका त्याच, भांगही तोच. मालक एसटीने दांडीला जायचे. मी फोन करते. वेळ वाचतो. पण फोनवर विचारलं, कुठलं पिक्चर लावू, की बायका म्हणतात, "लाव काय बी." आणि काय बी लावलं की कुणी येत नाही. यात कोडं असं काही नव्हतं. छपराचा प्रश्न निराळा, या दुपारचा निराळा. दुसरा एसीने सुटणारा नव्हता.

संध्याकाळी नाशिकला फोन केला.

"नाही," म्हटलं.

"बाबांसाठी म्हणताय का, ताई? तसं नका करू."

"बाबांसाठी नाही. शुक्रवारी भरणारी टॉकीजं त्या कंपनीची सगळीकडे आहेत. अष्टमीला भरणारं आपलं एकच आहे. ते बंद करून त्यांच्यासारखं आणखी एक कशाला काढायचं?"

"पण आता भरत नाही ना?"

"नाही. उन्हाळ्यापर्यंत बघते. नाहीच भरलं तर मीच त्या मुलाला फोन करीन."

ती म्हणाली, "बाबा असते तर अजून तासभर भांडले असते."

"मला तेवढा वेळ नाही," मी म्हटलं. "उद्यापासून भांग आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दांडीला गेले. स्कूटर गावाबाहेर ठेवली, कारण वाळूत रुतते. बांबूंवर बोंबील वाळत होते आणि बायका खाली बसून जाळी निवडत होत्या. हिरूआय एका पेटीवर बसलेली होती. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"बाय, तू कशी हिकडं? मालक गेला, आमी म्हटलं टॉकीज बी गेली."

"टॉकीज आहे. सोमवारी दुपारी शो लावतेय."

"काय लावतेस?"

"पंखे बरे आहेत," मी म्हटलं आणि एक उलटी टोपली ओढून तिच्यासमोर बसले. "पिक्चर तुम्ही सांगा."